सूतपुत्र रायबंदरात : पुनर्कथनाच्या कामाची नोंद

महाभारतातील टाकून दिलेल्या मुलांच्या कथा गोव्यात आणण्याच्या माझ्या उपक्रमात कर्णाचा पहिला खर्डा पुरा झाला आहे, शकुंतला अर्ध्यावर आहे आणि कृप-कृपींना अद्याप हात लागलेला नाही. सर्वाधिक वेळ कर्णाने घेतला, तोही प्रामुख्याने नदीपायी.

वनपर्वात कुंतीने सोडलेली पेटी अश्व नदीतून चर्मण्वतीत, पुढे यमुनेत आणि गंगेत जाऊन अंगदेशातील चंपानगरीजवळ अधिरथाच्या हाती लागते. मांडवीत हे जमण्यासारखे नाही, कारण भरतीचे पाणी बरेच आतवर चढते आणि सकाळी सोडलेली पेटी दुपारी सोडणारीच्याच पायांशी परत यायची. त्यामुळे मी पेटी पाण्यात सोडलीच नाही. चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीतील बाकाखाली पिशवी ठेवून आई उतरते, आणि बोट ठरल्या वेळी रायबंदरला जाते.

रथ हाकणाऱ्या अधिरथाच्या जागी पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारा चालक, बसवल्यावर मात्र कथा चालू लागली. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल गोव्यातील वाचकाला समजावून द्यावी लागत नाही, आणि मुलीसाठी स्थळ पाहताना या व्यवसायाचा विचार किती घरांत होईल, हेही त्याला ठाऊक असते. आदिपर्वातील रंगभूमीच्या, म्हणजे राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्य-प्रदर्शनाच्या, प्रसंगी घामाघूम झालेला, उपरणे घसरलेला अधिरथ येतो, अभिषेकाने ओले झालेले मस्तक कर्ण त्याच्यापुढे लववतो आणि म्हातारा संकोचून वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकतो. त्यावर भीम कर्णाला चाबूक हाती धरायला सांगतो. माझ्या खर्ड्यात महाविद्यालयाच्या पारितोषिक समारंभाला स्टँडवरून थेट आलेला बाप चिखलाच्या चपला खुर्चीखाली सारतो, आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "हेल्मेट घे रे!" पाय झाकण्याचा हा तपशील मूळ संहितेत असताना तो गाळून कर्णाच्या अपमानावर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते.

कथेचा आरंभ मी १९८५ मध्ये ठेवला, त्याला कारण आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. आजच्या पायलटाने ते परस्पर घरी नेऊन वाढवले असे लिहिणे म्हणजे वाचकाच्या डोळ्यांत धूळ फेकणे होय. शकुंतलेची कथा मात्र मुद्दाम आजचीच ठेवली आहे, कारण मूल स्वाधीन करणाऱ्या आईला हाच कायदा पुनर्विचारासाठी दोन महिने देतो. माझी मेनका प्रवासी जहाजावर नोकरी करते आणि तिची रुजू होण्याची तारीख त्या दोन महिन्यांच्या आत येते. मूळ कथेत मेनका मालिनीच्या तीरावर मुलीला ठेवून तत्काळ इंद्रसभेत परतते; येथे तिला थांबण्याची वाट उघडी आहे, त्यामुळे ही कथा दुष्यंतापर्यंत पोहोचेल असे दिसत नाही.

कर्णाकडे पुन्हा वळतो. मुलगा अंगदेशात सूताघरी वाढत असल्याचे कुंतीला हेरांकडून कळले होते, असे वनपर्व स्पष्ट सांगते. आधुनिक पुनर्कथने बहुधा हे विसरतात आणि जन्मखुणेवर किंवा डीएनए चाचणीवर शेवट उरकतात. कुंतीला प्रथमपासून ठाऊक असेल, तर कथा शोधाची राहत नाही, गप्प बसण्याची होते. म्हणून ओळख पटण्याचा प्रसंग मी काढून टाकला. त्याऐवजी ती एकदा त्याच पायलटाच्या मागे बसून पणजीला जाते, त्याच्या खांद्याला न धरता मागची दांडी घट्ट पकडते आणि मुलाचे विचारते. तो मागे न पाहता वाटभर मुलाच्या गुणांविषयी बोलत राहतो.

कवचकुंडलांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गळ्यातील सोन्याची साखळी मी बाद केली, कारण ती आली की ओळख पटण्याचा तोच प्रसंग मागच्या दाराने पुन्हा आत येतो. सध्या जन्मतः अंगावर असलेल्या जाड, खरबरीत त्वचेचा विचार चालू आहे. पण इंद्राने ती मागून न्यायची कशी, येथे घोडे अडले आहे.