काठमांडूच्या बालगृहात चित्रकला शिकवायला जाताय? आधी हे वाचा

मेच्या सुट्टीत नेपाळला जाऊन बालगृहातल्या मुलांना चित्रकला शिकवायची, असं आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आणखी काही जणांच्या मनात आहे. एटीडी, म्हणजे कला शिक्षकाचा डिप्लोमा झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीही फोन करून विचारतायत. मी जाऊन आलेय, म्हणून सगळ्यांना एकदाच सांगते. सीमेवरच्या सोनौलीहून काठमांडूला रात्रीच्या बसने जाऊ नका. मध्यस्थाला फी म्हणून एक रुपया देऊ नका. आणि ज्या बालगृहात दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या कोणालाही मुलांसमोर उभं करतात, तिथे तर पाऊलच टाकू नका. नेपाळ सुंदर आहे, माणसं मायाळू आहेत, पण ते तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

कोल्हापूरहून महालक्ष्मीने मुंबई आणि कुर्ला टर्मिनसहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर हा मार्ग ठीक आहे. मेमध्ये गावी निघालेल्या लोकांची तुफान गर्दी असते, त्यामुळे ६० दिवस आधी आरक्षण उघडेल त्या सकाळीच तिकीट काढा. गोरखपूर ते सोनौली शंभरेक किलोमीटर आहे आणि बस, जीप भरपूर मिळतात. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवं, आधार कार्डावर विसंबून जाऊ नका. सीमेवरच्या कमानीखालून सरळ चालत जायचं. "इमिग्रेशन करून देतो" म्हणत रिक्षावाले मागे लागतात, पण भारतीयांना शिक्का मारून घ्यावा लागत नाही. बॅग उचला आणि चालू पडा.

पलीकडे पोचलात की पैशांचा खेळ सुरू होतो. तिथे भारतीय रुपयाला आयसी म्हणतात आणि नेपाळी रुपयाला एनसी. १०० आयसीचे १६० एनसी हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. तिकीटवाला नुसतं "पंधराशे" म्हणतो, आयसी की एनसी ते सांगत नाही. तुम्ही होकार दिलात की पंधराशे आयसी मागतो, म्हणजे २,४०० एनसी. आमच्याकडून तेवढेच घेतले. शेजारच्या सीटवरच्या नेपाळी बाईंनी त्याच बसला १,५०० एनसी दिले होते, म्हणजे आपले साडेनऊशेसुद्धा नाहीत. माझ्याबरोबर मंडळीतल्या एक मावशी होत्या, नर्स म्हणून मिरजेत सगळी नोकरी झालेल्या. त्यांनी परत जाऊन त्या माणसाला गाठलं, तर तो हिंदी विसरला. तेव्हा भाव विचारतानाच "एनसीमध्ये किती?" असं विचारा आणि तिकिटावर आकडा लिहून घ्या. शंभराच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवरून तिथे वर्षानुवर्षं घोळ चालू आहे. दुकानांत बऱ्याच ठिकाणी क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, बसवाल्याकडे नाही.

आता रस्ता. तिकिटाच्या खिडकीवर आम्हाला सांगितलं, नऊ तास, पूर्ण डांबरी, सकाळी काठमांडूत नाश्ता करा. हे धादांत खोटं होतं. बुटवल ते नारायणगढ हा सुमारे ११५ किलोमीटरचा पट्टा कित्येक वर्षं चौपदरीकरणासाठी उकरून ठेवलाय. मध्ये दाउन्नेचा घाट आहे. आपला आंबा घाट, फोंडा घाट पावसाळ्यात पाहिलेल्या माणसालाही दाउन्नेची कल्पना येणार नाही, कारण तिथे घाट आहे आणि रस्ता नाही. अर्धा डोंगर कापलेला, उरलेल्या भागात घोटाभर धूळ, आणि त्यात समोरासमोर अडकलेले ट्रक. रात्री अकराच्या सुमाराला आमची बस थांबली ती उजाडेपर्यंत जागची हलली नाही. इंजिन बंद, एसी बंद. खिडकी उघडली तर धूळ आणि डिझेल, लावली तर श्वास कोंडतो. पुढच्या सीटवरचं बाळ रात्रभर खोकत होतं. मावशींनी आपला ओला रुमाल त्याच्या आईला दिला आणि स्वतः पदर नाकाला लावून बसल्या. बायकांना लघवीला उतरायचं तर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला ट्रकांची रांग, मोबाइलचा उजेड मारत एकमेकींना आडोसा करून आम्ही वेळ भागवली. पहाटे गाडी हलली, दोन वळणं गेली आणि पुन्हा थांबली. काठमांडूच्या हद्दीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती.

पावसाळ्यात तर हा विचारही नको. नारायणगढच्या पुढे मुगलिनपर्यंत रस्ता त्रिशूलीच्या काठाने जातो. जुलै २०२४ मध्ये त्याच पट्ट्यात सिमलतालला दरड कोसळून दोन प्रवासी बस रात्रीच नदीत गेल्या, साठाहून जास्त माणसं त्यांत होती. ज्यांना बसनेच जायचं आहे त्यांनी पहाटेची पहिली बस धरावी, मास्क आणि पाणी जवळ ठेवावं. खरा सल्ला मात्र एकच: सीमेपलीकडे सोनौलीजवळच असलेल्या भैरहवाहून विमान घ्या. अर्ध्या-पाऊण तासात काठमांडू. भारतीयांसाठी भाडं वेगळं असतं, नेपाळी माणसाच्या भाड्यापेक्षा जास्त. आम्ही येताना तेच केलं आणि ते पैसे सार्थकी लागले.

आता मुख्य गोष्ट. ओळखीच्या ओळखीतून आलेल्या एका मध्यस्थाने आमच्याकडून माणशी २५ हजार रुपये घेतले, राहण्या-जेवणाचे आणि "मुलांच्या शिक्षणासाठी" म्हणून. मुलं सगळी अनाथ आहेत, कला शिकवायला कोणी नाही, ख्रिस्ती शिक्षिका मिळाली तर देवाची कृपा, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. बालगृह काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरच्या कडेला. पोचल्यावर पहिल्याच दिवशी रंगांचं कपाट उघडलं. आत चार फळ्या भरून पोस्टर कलरच्या बाटल्या, बहुतेक दगड झालेल्या. ब्रश सगळे केस फिसकारलेले, कारण पाण्याच्या डब्यात उभे ठेवून कोणीतरी गेलं होतं. आणि व्हरांड्याच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत पंजांचे ठसे. प्रत्येक स्वयंसेवक येतो, मुलांचे हात रंगात बुडवतो, ठसे उमटवतो, फोटो काढतो आणि जातो. पुढचा येतो, तोही तेच करतो. एका मुलाने मी काही बोलायच्या आधीच तळहात पुढे केले.

कला शिकवायला कोणी नव्हतं हे खोटं होतं. माणसं भरपूर येत होती, टिकत कोणी नव्हतं.

मी हातांचे ठसे बंद केले आणि आपण एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला देतो तसं स्मरणचित्र दिलं. विषय: सकाळ. बहुतेकांनी दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि खाली नदी काढली, जी आपल्याकडची पोरंही काढतात. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मात्र बराच वेळ खोडत, पुन्हा काढत बसली होती. तिने सपाट मातीच्या छपराचं घर काढलं. छपरावर वाळत घातलेलं धान्य. छपरावर चढायला शिडी, पण दोन बांबू आणि आडव्या पट्ट्यांची नाही. एकाच ओंडक्याला खाचा पाडून केलेली, एकेक खाच सावलीसकट. बाजूला पाठीवर डोको, म्हणजे ओझ्याची टोपली घेतलेली बाई, आणि डोकोचा पट्टा बरोबर कपाळावरून घेतलेला. दारात एक माणूस. मी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, "बुवा." म्हणजे वडील. आणि बाई? "आमा." म्हणजे आई. तशी घरं आणि तशा शिड्या वर कर्णालीकडे, हुमला जिल्ह्यात असतात. पंचवीस वर्षं पोरांची चित्रं तपासलेली मी बाई आहे. ऐकून काढलेलं चित्र आणि पाहून काढलेलं चित्र यांतला फरक मला कळतो. ती शिडी ती पोर चढलेली होती.

इतर मुलं बघत होती, म्हणून तिथे पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी मावशींनी स्वयंपाकघरातल्या दिदीबरोबर भाजी निवडता निवडता विषय काढला. दिदी म्हणाली, हिच्या वडिलांना हिवाळ्यात पाहिलंय, येतात, फाटकावर भेटतात, जातात. बाकीच्यांपैकी कितीजणांचे आईबाप आहेत विचारल्यावर ती नुसती हसली आणि मुळा चिरायला लागली. रात्री मावशी मला म्हणाल्या, "अगं, आपण दिलेल्या पैशांवरच ही लेकरं इथे डांबलीत."

मला राग आला तो याचा. आणि हे एकाच बालगृहापुरतं नाही. युनिसेफसारख्या संस्था वर्षानुवर्षं सांगतायत की नेपाळातल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. १९९६ ते २००६ च्या माओवादी युद्धाच्या काळात दलाल कर्णालीच्या गावागावांत फिरले, शहरात चांगलं शिकवतो म्हणून मुलं आणली आणि आईबापांकडून त्यासाठी पैसेही घेतले. युद्ध संपलं, धंदा राहिला. देशातली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या जिल्ह्यांत एकवटली आहेत, म्हणजे जिथे परदेशी पाहुणा आणि त्याचं पाकीट पोचतं तिथे. २०१८ चा तिथला बालकायदाच म्हणतो की संस्थेत ठेवणं हा मुलासाठी शेवटचा पर्याय असावा. आमच्यासारखे लोक फी भरून येतात तेव्हा तोच पहिला पर्याय होतो.

ख्रिस्ती बंधुभगिनींना हे जरा स्पष्टच सांगते. व्यवस्थापकांना माझ्याकडून मुलांच्या हातचं गव्हाणीचं, म्हणजे येशूजन्माचं चित्र हवं होतं, नाताळच्या कार्डावर छापून देणगीदारांना पाठवायला. त्या मुलांत तामाङ जमातीतल्या बौद्ध घरची होती, हिंदू घरची होती. मी नाही म्हटलं. नेपाळच्या राज्यघटनेत धर्मांतर करवण्यावर बंदी आहे. २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेच्या कलम १५८ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होतो, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. पण कायदा नसता तरी मी हे केलं नसतं. आईबापांचा मान राखावा, हे आपण संडेस्कूलमध्ये शिकवतो. ज्या लेकराला आईबाप असून अनाथ म्हणून उभं केलंय, त्याच्याकडून कसली गव्हाणी काढून घ्यायची? तुमचा विश्वास तुमच्या वागण्यात दिसू द्या, वर्गात नको. प्रार्थनेला शनिवारी जा, कारण तिथे सुट्टी शनिवारी आणि मंडळीही शनिवारीच भरते. "जय मसीह" म्हणून हात जोडतात, चपला बाहेर, जमिनीवर बैठक. ते मात्र फार छान वाटलं.

तरीही जायचं असेल, आणि मला वाटतं आपल्यातल्या चांगल्या कला शिक्षकांनी जावंच, तर बालगृहात नको, गावातल्या शाळेत जा. आणि मुलांना नको, तिथल्या शिक्षकांना शिकवा. बालगृहातली मुलं दिवसा जिथे जात होती त्या शाळेत मी दुपारी तिथल्या सरांबरोबर बसत होते. वस्तुचित्रात प्रमाण कसं बघायचं, तेलखडू एकावर एक कसे चढवायचे, एवढंच दाखवलं. मी परत आल्यानंतरही ते चालू आहे, कारण सर तिथेच आहेत. वेळ जुळते: नेपाळी शाळांचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, त्यामुळे आपल्या मेच्या सुट्टीत तिथे शाळा भरलेल्या असतात. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका, दसैं-तिहारला सगळं बंद असतं. भाषेचं फार अडत नाही. लिपी आपलीच आहे, फळ्यावर लिहिलेलं मुलं वाचतात, तुम्ही त्यांच्या वह्या वाचू शकता.

सामान इथून ओढू नका. तेलखडू, पेन्सिली, चित्रकला वह्या काठमांडूत असनच्या बाजारात मिळतात, आपल्याकडच्याच कंपन्यांच्या. पोस्टर कलर नकोतच, ते वाळतात आणि ब्रश धुवायला रोज कोणीतरी लागतं. लोक्ता नावाच्या झुडपाच्या सालीचा हातकागद सुंदर असतो, पण पोरांच्या सरावाला महाग पडतो. त्यांना जुनी वर्तमानपत्रं आणि कोळसा द्या. माती हवी असेल तर भक्तपूरजवळ ठिमीच्या कुंभारांकडे जा.

कोणत्याही संस्थेला होकार देण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. नोंदणी कुठे आहे? किती मुलांचे पालक हयात आहेत आणि ती घरी कधी जातात? आमची फी नेमकी कशावर खर्च होते? आणि आमच्याकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट का मागत नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अनोळखी माणसाला चौकशी न करता मुलांत सोडणारी जागा मुलांची नाही. मुलांचे फोटो काढू नका, ग्रुपवर टाकू नका. मंडळीतल्या ज्यांनी माझ्याकडे फोटो मागितले त्यांना मी दिले नाहीत, देणारही नाही.

काही गैर दिसलं तर तिथे भांडण काढू नका, त्रास मुलांनाच होतो. नेपाळातही बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ च आहे, आपल्यासारखाच. सरकारची राष्ट्रिय बाल अधिकार परिषद आहे, तिला लिहा. मी लिहिलंय, त्या मुलीबद्दल जेवढं कळलं तेवढं, आणि आम्ही कोणाला किती पैसे दिले तेही. तुमच्यापैकी कोणी अशाच मध्यस्थाला पैसे भरले असतील तर बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका, परिषदेने विचारलं तर तेच दाखवता येतील.