टाकीत एक टन ऊस

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, दे मॉइन शहराच्या पश्चिमेला माझे वास्तव्य आहे. शहराची हद्द ओलांडली की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन सुरू होतात आणि कागलहून मुरगूडकडे जाताना जसा ऊस संपता संपत नाही, तशी ही शेतेही संपत नाहीत. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक मका इथेनॉलच्या कारखान्यांकडे जातो, आणि मका व इथेनॉल या दोन्हींच्या उत्पादनात आयोवाचा क्रमांक देशात पहिला आहे. करवीर तालुक्यातल्या ऊसकरी घरातून आलेल्या माणसाला या गावाशी ओळख करून घ्यायला फार दिवस लागत नाहीत. खताचा भाव, लांबलेला पाऊस, कारखान्याने काढलेला दर आणि सरकारचे धोरण हेच विषय इथल्या चहाच्या टेबलावरही असतात, फक्त चहाच्या जागी पातळ कॉफी असते.

माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला होता, ‘‘दादा, तिकडं सगळ्या गाड्या इथेनॉलवर पळत्यात म्हणं. मग आपल्या उसाला मरण न्हाई!’’ ऑगस्ट 2023 मध्ये नितीन गडकरी यांनी इथेनॉलवर चालणारी इनोव्हा दिल्लीत लोकांसमोर आणली, तेव्हापासून आमच्या गावात या विषयाची चर्चा थांबलेली नाही. त्याला फोनवर पुरते उत्तर देता आले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे. गाडीत काय ओततो यापेक्षा गाडी केवढी आहे याने पर्यावरणाचा हिशेब जास्त बदलतो. मात्र इथे गेली कित्येक वर्षे इंधनाचे नाव पुढे करून गाडीचा आकार झाकला गेला आहे, असे माझे मत झाले आहे.

इथल्या कोणत्याही दुकानाच्या वाहनतळावर उभे राहिले की हा आकार अंगावर येतो. पिकअप ट्रकच्या बॉनेटची कड माझ्या छातीला लागते आणि मागचा हौदा बहुतेक वेळा रिकामा, ओरखडाही न उमटलेला, धुऊन पुसून चकचकीत असतो. त्यातल्या अनेक गाड्यांच्या टाकीचे झाकण उघडले की आतला भाग पिवळा दिसतो. ही गाडी ई-85 वर, म्हणजे 85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावरही चालू शकते, याची ती खूण. चालू शकते आणि चालते यांत मात्र पुष्कळ अंतर आहे, आणि ते कसे पडले हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

1973 च्या तेलटंचाईने हादरलेल्या अमेरिकेने 1975 मध्ये कायदा करून मोटारींच्या सरासरी मायलेजची मर्यादा ठरवली. त्या वेळी पिकअप हे शेतकऱ्याचे आणि गवंड्याचे वाहन होते, म्हणून ‘हलके ट्रक’ असा वेगळा वर्ग करून त्यांना सौम्य अट लावण्यात आली. 1978 मध्ये जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर खास कर बसला, त्यातूनही हा वर्ग सुटला. पुढे कंपन्यांनी कुटुंबासाठीच्या गाड्याच या वर्गात बसतील अशा बांधायला सुरुवात केली. आज ज्यांना आपण एसयूव्ही म्हणतो त्यांचा इथला प्रसार या पळवाटेने झाला. भरीला 1964 पासून आयात हलक्या ट्रकांवर 25 टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या जकातीचा तो सूड होता, आणि कोंबड्यांचे भांडण विसरले गेले तरी जकात अजून उभी आहे. त्यामुळे बाहेरून येऊ शकणारे लहान, स्वस्त ट्रक इथे फारसे आलेच नाहीत. व्यवसायासाठी गाडी घेणाऱ्याला सहा हजार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 2,700 किलोंपेक्षा, जास्त कमाल एकूण वजनाच्या (गाडी आणि तिच्यातला भार मिळून) वाहनावर प्राप्तिकरात घसघशीत सूट मिळते, त्यामुळे घरे विकणाऱ्या दलालालाही तीन टनांचे वाहन परवडू लागते.

इथेनॉलचा प्रवेश याच खेळात झाला. 1988 च्या कायद्याने अशी तरतूद केली की, जी गाडी पेट्रोल आणि ई-85 अशा दोन्हींवर चालू शकते, ती निम्मा वेळ ई-85 वरच चालते असे धरावे, आणि त्या ई-85 च्या एका गॅलनचा हिशेब फक्त 0.15 गॅलन पेट्रोल असा करावा. प्रत्यक्षात बहुतांश पंपांवर ई-85 मिळतही नव्हते. तरीही इंजिनात किरकोळ खर्चाचे बदल करून कंपन्यांनी लाखो मोठ्या गाड्या ‘दुहेरी इंधना’च्या म्हणून विकल्या, कागदावरचे मायलेज वाढले आणि रस्त्यावर मात्र साधे पेट्रोलच जळत राहिले. ही सवलत 1993 च्या गाड्यांपासून सुरू होऊन अलीकडे टप्प्याटप्प्याने संपली. जुलै 2025 मध्ये तर मायलेजची मर्यादा मोडण्याचा दंडच शून्यावर आणण्यात आला, त्यामुळे पळवाटेचीही गरज राहिलेली नाही.

आता जो खरोखरच ई-85 भरतो त्याचा हिशेब पाहू, कारण तिथे आपल्या उसाचा संबंध येतो. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. पेट्रोलवर लिटरला आठ किलोमीटर देणारा आठ सिलिंडरचा मोठा पिकअप ई-85 वर जेमतेम सहा देतो. त्याची टाकी शंभर लिटरांच्या आसपास असते. त्यात सरासरी 75 लिटर इथेनॉल धरले तर ते करण्यासाठी सुमारे 175 किलो मका लागतो. तेच इथेनॉल उसाच्या रसापासून केले तर? नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात एका टन उसापासून 70 लिटर इथेनॉल मिळते असे दिले आहे. म्हणजे एका टाकीसाठी टनाहून थोडा जास्तच ऊस. त्याच आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला किमान 2,860 लिटर पाणी लागते असेही म्हटले आहे. तेव्हा त्या टाकीमागे दोन लाख लिटरांहून अधिक पाणी उभे राहते. एवढ्या जोरावर हा पिकअप कोल्हापूरहून निघून मुंबई गाठेल आणि परत येताना साताऱ्याच्या अलीकडे थांबेल, आणि टाकीत पंचवीस लिटर पेट्रोलही होते हे विसरायचे नाही.

एवढ्यावरून इथेनॉल टाकाऊ ठरत नाही, आणि मका व ऊस यांना एका मापाने मोजणेही अन्यायाचे होईल. इथल्या कारखान्यांत मका शिजवायला आणि मद्यार्क उकळायला प्रामुख्याने नैसर्गिक वायू जाळतात, तर आपल्याकडे कारखान्याचा बॉयलर उसाच्याच बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यावर, पेटतो आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. या एका कारणाने उसाच्या इथेनॉलचा ऊर्जेचा ताळेबंद मक्यापेक्षा बराच सरस ठरतो. मक्याच्या बाबतीत इथले तज्ज्ञही एका मताचे नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी झालेल्या अभ्यासात मक्याचे इथेनॉल पेट्रोलपेक्षा सुमारे 40 टक्के कमी कार्बन सोडते असा निष्कर्ष निघाला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील टायलर लार्क आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नव्याने नांगरली गेलेली जमीन आणि वाढलेले खत हिशेबात धरले, तेव्हा तेच इथेनॉल पेट्रोलइतकेच, बहुधा किमान 24 टक्के अधिक, घातक ठरले. कुरण मोडून शेत केले की मातीत साठलेला कार्बन हवेत जातो आणि नत्रखतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापदायक असतो. मला दुसरा हिशेब अधिक पटतो, कारण त्यातले खत रोज माझ्या नळापर्यंत येते.

दे मॉइन आणि रकून या दोन नद्यांचे पाणी आम्ही पितो. मक्याच्या शेतांखाली निचऱ्यासाठी पाइप पुरलेले असतात. पावसाबरोबर खतातील नायट्रेट त्या पाइपांतून ओढ्यांना आणि ओढ्यांतून नदीला मिळते. लिटरला 10 मिलिग्रॅम ही इथली मर्यादा आहे. ती पाळता यावी म्हणून शहराला नायट्रेट काढून टाकणारा खास प्रकल्प उभारावा लागला आणि तो जगातील मोठ्या प्रकल्पांपैकी एक गणला जातो. जून 2025 मध्ये नायट्रेट इतके चढले की शुद्धीकरणावरचा ताण कमी करण्यासाठी हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. 2015 मध्ये पाणीपुरवठा संस्थेने वरच्या अंगाच्या तीन जिल्ह्यांतील निचरा मंडळांवर दावा लावला होता, तो 2017 मध्ये फेटाळला गेला. सगळा दोष इथेनॉलचा नव्हे, कारण मका डुकरांनाही लागतो आणि त्यांचे शेणखतही शेतातच जाते. पण मागणीचा एवढा मोठा वाटा गाड्यांच्या टाक्यांतून येत असताना त्यांना यातून वगळता येत नाही.

पंचगंगेकाठच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मळीपासून किंवा रसापासून एक लिटर मद्यार्क करताना त्याच्या आठ ते पंधरा पट स्पेंटवॉश तयार होतो. तो तांबडा-काळा, उग्र वासाचा द्रव नदीत मिसळला तर पाण्यातला प्राणवायू पार संपतो. नियमाप्रमाणे त्याचा थेंबही बाहेर जायचा नाही. तो आटवून जाळायचा किंवा कंपोस्टात वापरायचा. तरीही हंगामात शिरोळच्या बाजूला मेलेल्या माशांचा खच पडतो आणि मग कोल्हापूरचे सांडपाणी, इचलकरंजीचे कापड प्रोसेस आणि साखर कारखाने हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पेट्रोलमधले 2014 मध्ये दीड टक्का असलेले इथेनॉलचे मिश्रण 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेले, हे देशाच्या तेलबिलासाठी आणि उसाच्या बिलासाठी चांगलेच झाले. कारखान्याचा पैसा साखरेच्या गोदामात अडकत नाही आणि शेतकऱ्याला वेळेवर मिळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच डिस्टिलरीची क्षमता वाढवायला मंजुरी देणाऱ्या वार्षिक सभेत स्पेंटवॉशचे काय करणार हे विचारण्याचा हक्कही सभासदांचाच आहे.

भावाला मी जो सोपा हिशेब सांगितला तो असा. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरणारी, लिटरला 10 किलोमीटर देणारी मोठी पेट्रोल गाडी 1,200 लिटर ई-20 पिते. त्यात 240 लिटर इथेनॉल, म्हणजे साधारण साडेतीन टन ऊस, आणि 960 लिटर शुद्ध पेट्रोल असते. तेवढेच अंतर लिटरला 20 किलोमीटर देणारी लहान गाडी थेंबभरही इथेनॉल न वापरता 600 लिटर पेट्रोलमध्ये काटते. साडेतीन टन ऊस खर्ची घालूनही मोठी गाडी 360 लिटर पेट्रोल जास्तच जाळते. शिवाय आपल्याकडच्या धिप्पाड गाड्यांपैकी बऱ्याचशा डिझेलच्या आहेत; पेट्रोलमधल्या इथेनॉलशी त्यांचा काही संबंधच नाही.

‘‘मग इलेक्ट्रिक घेतो की,’’ असे तो म्हणाला. विजेवरची गाडी चालताना धूर सोडत नाही आणि आयोवासारख्या, सुमारे साठ टक्के वीज वाऱ्यापासून मिळवणाऱ्या राज्यात तिचा फायदा निर्विवाद आहे. कोळशावरच्या विजेतही लहान इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीहून सरस ठरते. पण इथेही आकार आडवा येतो. अमेरिकेत विकली जाणारी विजेवरची हमर सुमारे 4,100 किलोंची आहे, म्हणजे जवळजवळ पाच वॅगन आर. तिची बॅटरीच 1,300 किलोंच्या घरात जाते. 200 किलोवॅट-तासांहून मोठ्या त्या बॅटरीच्या क्षमतेत टाटांच्या लहान टियागो ईव्हीच्या 24 किलोवॅट-तासांच्या आठ बॅटऱ्या होतील. एकाच्या हौसेत आठ कुटुंबांच्या गाड्या अडकून पडतात.

आपल्याकडे कायद्याने गाडीला आकार दिल्याचे चांगले उदाहरण आहे, हे इथल्या मित्रांना मी आवर्जून सांगतो. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या लहान गाड्यांना करसवलत मिळाली आणि कंपन्यांनी निमूटपणे गाड्यांची शेपटी कापली. सप्टेंबर 2025 पासून अशा लहान गाड्यांवर 18 टक्के आणि मोठ्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. इलेक्ट्रिक गाडीवर मात्र सरसकट पाच टक्के. ती आठशे किलोंची असो वा अडीच टनांची. अमेरिकेने ई-85 च्या बाबतीत जे केले त्याचा वास मला या सरसकटपणाला येतो. नॉर्वेने 2023 पासून नव्या इलेक्ट्रिक गाड्यांवरही वजनाप्रमाणे कर बसवला आहे.

कोल्हापूरला या प्रश्नात तटस्थ राहणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. ऊस आपला, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून निघणारी इंजिनांची कास्टिंगही आपलीच. मोठे इंजिन म्हणजे जास्त ओतकाम, आणि विजेच्या मोटारीला इंजिन ब्लॉक लागत नाही. त्यात चौकात पांढरी शुभ्र, उंच गाडी लावून उभे राहण्याची हौस आहेच. पण महाद्वार रोड आणि ताराबाई रोड रुंद होणार नाहीत. पॅरिस शहराने 1 ऑक्टोबर 2024 पासून बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांना पार्किंगचा दर तिप्पट केला, मध्यवर्ती भागात तासाला 18 युरो. पेट्रोलच्या गाडीला 1.6 टनांची आणि विजेच्या गाडीला दोन टनांची मर्यादा ठेवली. बिंदू चौकातल्या पार्किंगलाही असा दर लावायचा झाला तर महापालिकेला वजनकाटा विकत घ्यावा लागणार नाही, कारण रिकाम्या गाडीचे वजन आर.सी. बुकावर छापलेलेच असते.