सीडी १०० : टायमिंग चेन आणि पाव मिलिमीटरचा घोळ

इंजिनमधली खडखड टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) नाही, एवढं गेल्या खेपेला ठरलं होतं. रविवारी हेड उतरवलं, पुलर लावून क्रँकच्या टोकाचा मॅग्नेट (जड चाक) ओढला आणि बाबांच्या ८७ च्या हिरो होंडा सीडी १०० ची टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी साखळी, एकदाची हातात आली. ब्लॉकच्या बाजूचा, चेन ज्यावरून सरकते त्या रोलरचा बोल्ट न तुटता निघाला, त्या आनंदात एक चहा झाला. रोलरचं रबर मात्र दगड झालंय, नख रुततच नाही.

चेन टेबलावर ताणून २० कड्या मोजल्या. या गाडीच्या २५ एच मापाच्या चेनचा पिच (दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ मिमी, म्हणजे नवीन असती तर बरोबर १२७. माझी भरली १२८.६. सव्वा टक्का काही फार नाही, असं आधी वाटलं. मग गणित केलं. एकूण कड्या ८४. त्यातल्या क्रँक आणि कॅमच्या मधल्या ताणलेल्या बाजूला साधारण साडेएकतीस येतात, म्हणजे २०० मिमी. त्यावर सव्वा टक्का म्हणजे अडीच मिमी. कॅमच्या २८ दातांवर एवढं अंतर म्हणजे कॅम ५ अंश मागे, क्रँक कॅमच्या दुप्पट फिरतो, त्या हिशोबाने १०! हेड काढण्याआधी मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सर्वांत वर असल्याची) जुळवली तेव्हा कॅमच्या स्प्रॉकेटची (दातेरी चाकाची) ओ खूण हेडवरच्या खाचेपासून अर्ध्या दाताला जरा कमी मागे दिसत होती. डोळ्यांचा दोष समजून सोडून दिलं होतं.

आता खरी डोकेदुखी. पुण्याच्या नाना पेठेतून चेन आणली. खोक्यावर शंभर सीसी लिहिलेलं, कड्या ८४, जुन्या स्प्रॉकेटवर अगदी मऊ फिरली. बसवायला घेणार, तेवढ्यात दोन्ही चेन शेजारी धरल्या आणि नवी उगाच नाजूक वाटली. व्हर्नियर लावला. जुनीच्या कडीची बाजूची पट्टी १ मिमी, नवीची पाऊण. म्हणजे साधी २५, एच नाहीच! पिच तोच, कड्या त्याच, त्यामुळे बसते, फिरते, आणि बसवणाऱ्याला कधी कळतही नाही. एचमध्ये जाडी वाढते ती पट्टीची. पिनचा व्यास तेवढाच राहतो. परत घेऊन गेलो तर काउंटरवरचे काका म्हणाले, "साहेब, सगळे हीच नेतात, कुणाची तक्रार नाही." बदलून दिली नाहीच. पट्टीवर कोरलेलं काही नव्हतं, ते मी दुकानातच पाहायला हवं होतं. चूक माझीही.

दुसऱ्या दुकानात लॉकवाली (क्लिपने जोडायची) चेन दाखवली, "मॅग्नेट काढायची कटकट नाही" म्हणून. इंजिनच्या आत क्लिप? ती निसटली तर नुसती चेन जात नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येतो. आणि या इंजिनला गरजच काय? मॅग्नेट आणि कॉइलची प्लेट निघाली की अखंड चेन डाव्या बाजूने बाहेर येते, क्रँककेस फोडावी लागत नाही. (जुन्या बुलेटवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे पुशरॉड आहेत, तुमची दुखणी वेगळी.)

शेवटी रोलॉनची २५ एच मिळाली. पट्टीवर खूण आहे, जाडी १ मिमी, २० कड्या १२७ ला तंतोतंत. व्हर्नियर खिशात ठेवूनच दुकानात जायचं, हा माझा आता नियम. लोक बघतात, बघू देत. टेन्शनरच्या (चेन ताणून धरणाऱ्या भागाच्या) पुशरॉडचं रबरी टोक आणि स्प्रिंगही सोबत घेतली, कारण नव्या चेनवर जुनं टोक ठेवणं म्हणजे नव्या चपलेला जुना अंगठा.

पुढच्या रविवारी नवी चढवून हेड बंद करायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता सुचलं, की ५ अंश हा माझा कागदावरचा आकडा. त्यातलं खरोखर चेनचं किती आणि स्प्रॉकेटच्या झिजेचं किती? तेव्हा आधी जुनीच चेन परत चढवतो, हेडच्या जुन्याच पॅकिंगवर, म्हणजे क्रँक आणि कॅममधलं अंतर बदलणार नाही, आणि कॅमवर अंशांची चकती लावून मोजतो. मग नवी घालून तेच. खुणेपर्यंत मात्र दर वेळी सुलट दिशेनेच यायचं. मॅग्नेट मागे फिरवला की ढिली बाजू बदलते आणि मोजमाप बोंबलतं.

चकतीसाठी कोनमापकाची प्रिंट एका जुन्या सीडीवर चिकटवली आहे. सीडी १०० ला सीडीच. स्प्रॉकेटच्या बोल्टांसाठी भोकं पाडताना पहिली तडकली, दुसरी टिकली.