तुम्ही विचारलंत म्हणून: निषेध कळला, पण मजा कुठाय?

‘अमेरिकेतल्या बायका लिहितात तो सगळा निषेधच ना? त्यात तुम्हाला मजा काय येते?’ मी इंग्रजी शिकवते म्हटलं की हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो.

मजेशिवायचा निषेध मलाही फार वाचवत नाही. म्हणून मी झोरा नील हर्स्टनचं नाव घेते. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्या लोकांच्या गावात ती वाढली. तिची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी 1937 साली आली आणि रिचर्ड राइटने तिला झोडपलं: हिच्यात ना विषय, ना संदेश, ना विचार, सगळी गोऱ्यांची करमणूक. राइट मोठा लेखक, पण इथे त्याला ऐकूच आलं नाही असं माझं मत.

कादंबरीची नायिका जेनी. तिचा दुसरा नवरा जो स्टार्क्स गावाचा महापौर, दुकानाचा मालक. दुकानाच्या ओसरीवर गावकरी थापा मारत बसतात, एका मरतुकड्या खेचरावरून चेष्टा रंगते. जेनीलाही त्यात आपली भर घालायची असते. तो तिला आत पिटाळतो, केस फडक्यात बांधून ठेवायला लावतो. तो हातही उगारतो, पण मला जास्त लागते ती ही हसण्यावरची बंदी. मग एकदा भर दुकानात जेनी त्याच्या उतरत्या शरीरावरून असा टोमणा हाणते की त्याची सद्दीच संपते. तो मेल्यावर ती आरशासमोर केस मोकळे करून स्वतःला नीट न्याहाळते, केस पुन्हा बांधते, चेहऱ्याला खळ-इस्त्री करते आणि मगच खिडकी उघडून लोकांना हाक मारते. पुढे तिच्या आयुष्यात आलेला टी केक तिला सोंगट्या खेळायला बसवतो, तेव्हा आपल्याला कुणी खेळायला बोलावलं याचंच तिला अप्रूप वाटतं.

केट शोपॅंच्या 1899 च्या ‘द अवेकनिंग’ कादंबरीतली एडनाही नवरा परगावी गेल्यावर सैलसर कपड्यांत, एकटीच, चवीने जेवते. बंड असं ताटावरही होतं.

हर्स्टन 1960 साली गरिबीत वारली. बिननावाच्या तिच्या थडग्यावर 1973 मध्ये लेखिका ॲलिस वॉकरने दगड बसवून घेतला.

वाचायचीच असेल तर संवाद मोठ्याने वाचा, बोली कानाला लवकर कळते. खेचरापर्यंत पोचलात की पुढे मला विचारायला येणार नाही तुम्ही.