अंधार किती फुटांवर आलाय?

जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ‘काय चाललंय’ राहतं बाजूला, पहिली विचारणा असते: पंचगंगा किती फुटांवर? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आता कोल्हापूरचं नावही न ऐकलेल्या माणसाच्या कानावर नुसता हा प्रश्न घाला. इथं नदी आहे, ती चढते, चढली की गल्ल्या बुडतात आणि कुणीतरी पट्टी वाचून आकडा सांगतं, एवढं त्याला न सांगता कळेल.

रोलप्लेइंग गेमसाठी नवी दुनिया रचायची तर अशा प्रश्नापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. या दुनियेतली माणसं रोज सकाळी एकमेकांना काय विचारतात? ते सापडलं की नकाशा मागाहून येतो. देव त्याच्याही मागून. राजघराण्यांची वंशावळ केलीच नाही तरी बिघडत नाही, ती ऐकायला टेबलाभोवती कुणी बसत नाही.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण बसतात. एक जण दुनिया चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आपलं पात्र काय करणार ते तोंडानं सांगतात, आणि अवघड काम जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली आलं, तिथून हे सगळं वाढलं. आमच्या घरी दुनिया मी चालवते. खेळायला मामेबहीण, तिचा नवरा, तालमीत जाणारा शेजारचा पोरगा आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. काका नियमांचं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करून वाचून येतात. अशा माणसापुढं दुनिया चालवायची म्हणजे ऑडिटच.

एकट्यानं अख्खी दुनिया आधी उभी करणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एम. ए. आर. बार्कर हे दक्षिण आशियाई भाषांचे प्राध्यापक. त्यांनी टेकुमेल नावाच्या जगासाठी व्याकरणासकट भाषा रचल्या, आणि त्या जगावरचा खेळ १९७५ मध्ये छापून आला. एड ग्रीनवूडनं फर्गॉटन रेल्म्सची स्वप्नं लहानपणापासून पाहिली, खेळाच्या रूपात ती दुनिया १९८७ मध्ये आली. माझ्याकडे शनिवारची रात्र असते. दिवसभर ऑफिसात लोकांच्या घरांचे प्लॅन काढून आल्यावर खंडबिंड आखायची ताकद उरत नाही.

तर आमची सध्याची दुनिया. नाव काजळखोरं. इथं डोंगरातून संध्याकाळी पाणी येत नाही, अंधार येतो. तो दरीतून वाहत खाली उतरतो, आणि गावं त्याला बंधारा घालून अडवतात. अडवायचा कशाला? तर इथलं पीक अंधारात पोसतं, आणि अंधाराशिवाय माणसाला झोपही लागत नाही. कमी आला तर पीक जळतं, माणसं जागून जागून वेडी होतात. जास्त आला तर गाव बुडतं, आणि बुडालेल्या गावात दिवा पेटत नाही. म्हणून सकाळी प्रत्येक जण विचारतो, “अंधार किती फुटांवर?”

बंधारा अर्थातच कोल्हापुरी पद्धतीचा. ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांना सांगते: नदीत दगडी खांब असतात, खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, एकावर एक बसवतात. जुन्या बंधाऱ्यांत बरग्यांच्या दोन रांगा आणि मधे माती ठासलेली. पावसाळ्याआधी बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर मोकळा जातो. गंमत अशी की यातल्या प्रत्येक गोष्टीत भांडण आहे. बरगे कधी घालायचे? कुणी घालायचे? रात्रीत दोन बरगे चोरीला गेले तर? वरच्या गावानं सगळे घातले तर खालच्यानं काय करायचं? मला राक्षस शोधावा लागलाच नाही. पहिल्याच रविवारी तालमीतला पोरगा म्हणाला, “ताई, वरल्या गावाचं बरगं आमी रात्रीत काढून आणतो की. त्यात काय एवढं?” त्यानंतरचे तीन तास मी फक्त फासे टाकत होते.

दुसरी एक सवय मला कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममुळं लागली. तिथं पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला कुठं, तर पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर, १९४४-४५ च्या उत्खननात. समुद्र इथून घाटापलीकडं. पण सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून रोमशी व्यापार चालायचा, त्या मालासोबत देव घाट चढून आला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक दुनियेत एक वस्तू अशी असते जी तिथं असायलाच नको. ती कुठल्या वाटेनं आली हे फक्त मला माहीत असतं. काजळखोऱ्यात ती वस्तू म्हणजे होकायंत्र. समुद्र कुणीच पाहिलेला नाही, पण एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात होकायंत्र आहे आणि त्याला रोज हळदीकुंकू वाहिलं जातं. काकांनी विचारलं, “सुई उत्तरेकडे दाखवते का?” मी म्हटलं, बघा. सुई बंधाऱ्याकडे दाखवते. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

आणि घड्याळ. दुनियेत काहीतरी जवळ येत असलं पाहिजे, नाहीतर खेळणारे चहाच्या टपरीवरच रमतात (रमू दे, पण किती). ते घड्याळ मी आमच्या रंकाळा तलावाकाठच्या नंदीकडून उचललं. गोष्ट इथल्या सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे: नंदी गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो, आणि रंकाळ्याला पोचला की जगबुडी. कुणी रचली माहीत नाही, पण खेळासाठी याहून चांगला नियम मला सुचला नसता. माझ्या टेबलावर वीस घरांची पट्टी असते. दर रविवारी खेळ संपताना सहा बाजूंचा फासा टाकायचा, तो गहू. तेवढी घरं नंदी पुढं. मग चार बाजूंचा, तो तांदूळ, तेवढी मागं. सहाच्या फाशाची सरासरी साडेतीन, चाराच्या फाशाची अडीच, म्हणजे नंदी दर खेळाला सरासरी एक घर पुढं जातो. पण सरासरी ती सरासरी. एका रविवारी गहू सहा आणि तांदूळ एक पडला, आणि मामेबहिणीनं फासा बदलून मागितला. पुढच्या वेळी उलटं झालं, नंदी दोन घरं मागं आला, तर तिनंच पेढे आणले.

खेळणाऱ्यांनी गावात काही भलं केलं तर चाराऐवजी आठ बाजूंचा तांदूळ देते. भलं म्हणजे काय ते मी ठरवत नाही, गाव ठरवतं, आणि गावात दोन पेठा आहेत. त्यामुळं एका पेठेचं भलं म्हणजे दुसऱ्या पेठेचं काय, हे कोल्हापूरकराला समजावायला नको.

आता अडलंय ते एवढ्यावर: वरच्या आणि खालच्या गावानं बरग्यांचा वाद मिटवायला कुस्ती लावायची ठरवलीय. पुस्तकातले झोंबाझोंबीचे नियम पोरानं वाचले आणि म्हणाला, “ह्यात पट नाही, ढाक नाही, ही कसली कुस्ती?” बरोबर आहे त्याचं. म्हणून या आठवड्यात तो मला एकेक डाव करून दाखवतोय, मी त्याला किती आकडा लागेल ते लिहितेय, आणि काकांनी फोन करून बजावलंय की चीतपट म्हणजे दोन्ही खांदे, हे नियमात स्पष्ट लिहिल्याशिवाय ते रविवारी येणार नाहीत.