व्हिट फ्रायडे आणि भिजलेले चिप्स
ब्रास बँड म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर लग्नाची वरातच यायची, पण व्हिट फ्रायडेला (ईस्टरनंतर साधारण आठ आठवड्यांनी येणारा शुक्रवार, तेव्हा तिथल्या गावागावांत बँडच्या स्पर्धा असतात) इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या डेल्फ गावाला गेलो आणि वेडाच झालो, एकामागून एक बँड बसमधून उतरतात, मार्च वाजवत येतात, मग थांबून स्पर्धेचं वाजवतात आणि पुढच्या गावाला पळतात. परीक्षक पडद्याआड, कोण वाजवतंय ते त्याला दिसतच नाही! ट्रम्पेट नाही, कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ), म्हणून आवाज कसा मऊ, गोल. युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य, तर थेट पोटात घुमतो राव.
जुने बरेच बँड गिरण्या-खाणींच्या कामगारांचे. यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्पच्या कोळसा खाणीचा बँड १९१७ चा, खाण १९९३ ला बंद पडली पण बँड चालूच.
मध्येच पाऊस आला, कोणी हललं नाही, मीपण चिप्स खात तिथेच.