माझा परतावा मीच घालवला

आमच्या ग्राहक सहकारी संस्थेचा मी नऊ वर्षं सभासद होतो, आणि त्या नऊ वर्षांत वार्षिक अहवाल कधी उघडून पाहिला नव्हता. येतो, रद्दीत जातो. त्या वर्षी मात्र सभेच्या नोटिशीतली एक ओळ डोळ्यांत खुपली : 'यंदाचा संपूर्ण वाढावा राखीव निधीत वर्ग करण्याची संचालक मंडळाची शिफारस.' म्हणजे खर्च जाऊन उरलेलं सगळं संस्थेकडेच राहणार, आणि खरेदीवरचा परतावा शून्य. दरवर्षी तो जमा व्हायचा तेव्हा माझं लक्षही नसायचं. मिळणार नाही म्हटल्यावर तो एकदम हक्काचा वाटायला लागला.

सभेला तीन आठवडे होते. प्रश्न लेखी हवेत आणि सभेच्या आठ दिवस आधी पोचले पाहिजेत, असं नोटिशीतच खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी त्याच रात्री तावातावाने पानभर लिहून काढलं. मुद्दा एकच : माझे संस्थेत इतके भाग (शेअर) आहेत, त्यांवर लाभांश नाही, परतावा नाही, मग मी पैसे गुंतवले कशाला?

पाठवण्याआधी तो कागद एका जुन्या सभासद बाईंना दाखवला. हिशेब तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुम्ही गुंतवणूकदार म्हणून बोलताय की गिऱ्हाईक म्हणून?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं ते असं. कंपनीत ज्याचं भांडवल जास्त त्याला नफा जास्त आणि मतंही जास्त. ग्राहक संस्थेत भाग कितीही असोत, मत एकच. भागांवर मिळतं ते मर्यादित व्याज. वाढावा वाटायचा तर तो खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, कारण तो नफा नव्हेच. संस्थेने वर्षभर खर्चापेक्षा थोडा जास्त दर लावला, ते जादा घेतलेले पैसे ज्याचे त्याला परत. "दोन हजारांची खरेदी करणाऱ्याकडून जास्त घेतलेत, दोनशेवाल्याकडून कमी. परत करताना भाग मोजून कसं चालेल?"

माझा पानभर संताप चार वाक्यांत निकालात निघाला. तो कागद मी फाडला. मनातला मुद्दा तसाच होता.

पुढचे काही दिवस मी हा परतावा आला कुठून ते वाचण्यात घालवले. सभेला त्याची गरज नव्हती, पण सुरुवात केली आणि सुटेना. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अठ्ठावीस जणांनी, त्यांतले बरेच विणकर, आठवड्याला दोन-तीन पेनी बाजूला टाकत अठ्ठावीस पौंड उभे केले आणि २१ डिसेंबरला टोड लेनवर मोजक्या जिनसांचं दुकान उघडलं. त्यांच्या आधी अशी दुकानं निघाली होती आणि बुडालीही होती; बरीचशी उधारीपायी, नाहीतर वाढाव्याच्या वाटपावरून. रॉचडेलकरांनी उधारी बंद ठेवली, माल भेसळीचा नको आणि वजन पुरं हवं असा दंडक घातला, आणि वाढावा खरेदीच्या प्रमाणात वाटला. परतावा मिळतो म्हणून माणूस तिथेच खरेदी करतो, खरेदी वाढली की खर्च पसरतो, खर्च पसरला की वाढावा वाढतो. साधी गोष्ट, पण भांडवल नसलेल्या माणसांना तिने भांडवल मिळवून दिलं. १८६३ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या संस्थांनी मिळून स्वतःची घाऊक संस्था काढली, कारण किरकोळीत वाचवलेलं घाऊक व्यापारी काढून घेत होते. १८९५ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सहकारी संघ स्थापन झाला, आणि त्याने १९९५ मध्ये मँचेस्टरला जी सात तत्त्वं मांडली, त्यांच्यामागे रॉचडेलचेच नियम दिसतात.

या वाचनात मला सर्वांत आवडला तो स्वीडनमधला विजेच्या दिव्यांचा किस्सा. १९२० च्या दशकात दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी आपसांत बाजार वाटून घेतला होता. दिव्याचं आयुष्य हजार तासांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, इथपर्यंत करार होता. स्वीडनच्या ग्राहक संस्थांच्या महासंघाने 'लुमा' नावाचा स्वतःचा कारखाना काढला. १९३१ मध्ये त्याचे दिवे बाजारात आले आणि भाव खाली आले. म्हणजे जो माणूस कुठल्याही संस्थेचा सभासद नव्हता, ज्याने आयुष्यात सहकाराचं नाव ऐकलं नव्हतं, त्यालाही दिवा स्वस्त मिळाला. ग्राहक संस्थांचा बाजारातला छोटा हिस्सा बघून लोक नाक मुरडतात, पण त्यांच्या दरांमुळे शेजारच्या दुकानदाराने जे दर वाढवले नाहीत, ते कुठल्याच हिशेबात दिसत नाहीत. अमेरिकेतल्या खेड्यांत तर स्पर्धेचाही प्रश्न नव्हता. १९३० च्या दशकाच्या मध्याला तिथल्या दहांतल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती, कारण तारा ओढणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३६ च्या कायद्याने सरकारी कर्ज मिळालं आणि वीज वापरणाऱ्यांनीच सहकारी संस्था काढून तारा ओढल्या.

असो. सभेला पंधरा दिवस उरले होते आणि माझ्याकडे प्रश्न नव्हता.

बाई म्हणाल्या, "आधी अहवालातले हिशेब वाचा. इतिहास कुठे पळत नाही." त्यांनी वाचायची रीतही सांगितली : मोठे आकडे सोडा, दोन वर्षांत ज्यांची चाल एकमेकांशी जुळत नाही ते आकडे शोधा. दोन रात्री मी पट्टी लावून एकेक ओळ ताडून पाहिली. पगार, भाडं, वीज, सगळं थोडंथोडं वाढलेलं. विक्री जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलेली. आणि वर्षअखेरचा शिल्लक माल पंचवीस टक्क्यांनी वाढलेला.

विक्री तेवढीच, मग माल पाव हिश्शाने जास्त कशासाठी? दिवसांत काढून पाहिलं. आदल्या वर्षी साधारण बत्तीस दिवस पुरेल इतका माल गोदामात होता, आता एकोणचाळीस दिवसांचा.

तोपर्यंत मला वाटायचं की जास्त माल म्हणजे संस्था श्रीमंत. बाईंनी कागदावर तीन ओळी लिहिल्या. सुरुवातीचा माल अधिक खरेदी, त्यातून अखेरचा माल वजा, उरला तो विकलेल्या मालाचा खर्च. म्हणजे अखेरचा माल जितका जास्त दाखवाल तितका खर्च कमी आणि वाढावा जास्त. गोदामात खपणार नाही असा माल पडून असेल आणि तो पूर्ण खरेदी किमतीने धरला असेल, तर वाढावा कागदावरचा. नियम असा की शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा विकून हाती येईल ती रक्कम, यांतली जी कमी असेल तिने धरायचा. ग्राहक संस्थेचा वाढावा मुळात विक्रीच्या शंभराला दीड-दोन. शिल्लक मालात थोडी जरी हवा भरलेली असली, तरी तो सगळा हवेचाच निघू शकतो.

नोंदी पाहायला कार्यालयात गेलो तेव्हा पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली नाही. तिसऱ्या दिवशी मी लेखी अर्ज दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर किल्ली सापडली. मोजदादीचे कागद मिळाले, पण त्यांवर प्रत्यक्ष मोजणारा म्हणून कोणाची सहीच नव्हती. आदल्या वर्षीच्या याद्यांवर नवे आकडे चढवलेले. लबाडी म्हणावी असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मोजायला दोन रात्री दुकान बंद ठेवावं लागतं, आणि तेवढी माणसं कुणी लावली नव्हती.

माझा प्रश्न शेवटी दोन ओळींचा झाला : शिल्लक मालाची प्रत्यक्ष मोजणी कोणत्या तारखेला आणि कोणी केली? सहा महिन्यांहून जुना माल किती, आणि तो कोणत्या किमतीने धरला आहे? सभेला बरोबर आठ दिवस उरले असताना, दुपारी दिला. एक दिवस उशीर झाला असता तर घेतला नसता, हे देतानाच ऐकवण्यात आलं.

सभेला गणसंख्या भरली नाही. अर्धा तास थांबून तीच सभा तहकूब सभा म्हणून सुरू झाली. हजारो सभासदांची संस्था, आणि खुर्च्यांवर माणसं चाळीस. ऑस्ट्रियात १९७८ मध्ये अनेक ग्राहक संस्था एकत्र करून एक प्रचंड संस्था उभारली होती, ती १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. ती बुडण्याची कारणं अनेक सांगतात. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघताना मला एक कारण पुरेसं वाटलं.

प्रश्न वाचला गेला तेव्हा अध्यक्षांनी आधी सवयीने "समाधानकारक आहे" असं उत्तर दिलं. मी तारीख विचारली. पुन्हा विचारली. मागून बाईंनी उभं राहून तेवढंच विचारलं, "तारीख." लेखापरीक्षकांनी अध्यक्षांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि पाच मिनिटांनी ठरलं की हिशेब मंजूर न करता सभा महिनाभर पुढे ढकलायची आणि फेरमोजणी करायची. मोजणीला पाच सभासद हवेत, कोण येणार? माझ्याकडे बघूनच विचारलं गेलं.

दोन रात्री मोजलं. धूळ, फाटकी खोकी, दोन वेळा चुकलेली बेरीज. एका फडताळाच्या मागे तर अशी खोकी सापडली, जी कुठल्याच यादीत नव्हती. त्यांचा फायदा संस्थेला झाला, हेही लिहायला हवं. पण खपणार नाही असा माल एकूण मालाच्या दहाव्या हिश्शाएवढा निघाला. त्याची किंमत हिशेबातून कमी केल्यावर यंदाचा वाढावा निम्म्याहून कमी झाला.

पुढच्या सभेत दुरुस्त हिशेब आले. उरलेला वाढावा राखीव निधीत टाकण्याचा ठराव पुन्हा मांडला गेला, आणि मी त्याच्या बाजूने हात वर केला. ज्या परताव्यासाठी भांडायला निघालो होतो, तो माझ्याच प्रश्नाने संपला होता. शेजारच्या सभासदाने मला कोपराने ढोसून विचारलं, "मग मिळवलंत काय तुम्ही?" उत्तर देण्याआधीच पुढचा ठराव वाचायला सुरुवात झाली.

त्या सभेत आणखी एक ठराव झाला : वर्षातून दोनदा मोजणी, सभासदांसमक्ष, मोजणाऱ्याच्या सहीसह. पहिली मोजणी येत्या महिन्यात आहे. बाईंनी निरोप धाडलाय : जुने कपडे घाला, आणि या वेळी पेन्सिल नको, पेन आणा.